कच्च्या वहीतली ओळ

९ ऑगस्ट

प्रिय बारके,

तू टोळाला घेऊन गेलीस त्याला आज चार दिवस झाले. शेडमध्ये तो उभा असायचा तिथे तेलाचा एक डाग उरला आहे. तो पुसायचा की राहू द्यायचा, हे तुझ्या वहिनीने माझ्यावर सोपवलं आहे. म्हणजे पुसायचा.

गाडीबद्दल जे सांगायचं ते पत्रातच, हा आपला करार. फोनवर तू "हो रे दादा, हो रे दादा" म्हणतेस आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडतेस. कागद निदान गाडीच्या कप्प्यात पडून राहतो.

टोळ बावीस वर्षांचा आहे. दिसायला भाजी आणायला निघालेली घरगुती गाडी, तीन दारांची. पण कंपनीने तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन कोंबलं आणि हा अवलिया जन्माला आला. मी त्याच्यावर सहा वर्षं हात चालवला. स्प्रिंगा आखूड केल्या, गाडी दोन बोटं खाली बसवली. शॉकअप कडक घातले. पुढचे ब्रेक मोठे केले. सायलेन्सर मोकळा केला (शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं, ते वेगळं).

सगळी यादी पक्क्या वहीतून उतरवून सोबत जोडतो. प्रयोगशाळेत पोरांना मी काय सांगतो ते तुला पाठ आहे. हात काळे असताना लिहायची ती कच्ची वही. काम पुरं झालं, माप दोनदा घेतलं, की लिहायची ती पक्की. अर्धवट काम पक्क्या वहीत चढवायचं नाही. म्हणून या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेव. ब्रेकबद्दल निर्धास्त राहा.

थंड इंजिनला पहिली दहा मिनिटं पळवू नकोस. तुझ्या आईला पुढे बसवशील तेव्हा सीट मागे घे, मावशीचे गुडघे दुखतात.

दादा

२१ सप्टेंबर

दादा,

सहा वर्षं गाडी सांभाळलीस आणि सुटलास! आता माझी पाळी. काल क्लासमध्ये एक नवा विद्यार्थी, वय वर्षं बावन्न, म्हणाला, "बाई, मला तुमच्या लाल गाडीवर शिकवा ना." म्हटलं, काका, आधी क्लच सोडायला शिका, तो सोडताना तुम्ही माझा हात धरता.

आई म्हणते ही गाडी नाही, उंडारलेलं वासरू आहे, आणि आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. तरी रोज संध्याकाळी "आज कुठे जाणार?" विचारते आणि पर्स घेऊनच विचारते.

चौदा वर्षं मी दोन-दोन ब्रेक पेडलांच्या गाडीत बसून दुसऱ्यांचे पाय बघते आहे. टोळात बसलं की वाटतं, पाय माझे आहेत. एकच खोड. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की शेपटी जराशी झटकतो. लबाड आहे. आवडला मला.

बारकी

२५ सप्टेंबर

प्रिय बारके,

शेपटी झटकतो ते मागच्या टायरांमुळे. सहा वर्षांचे आहेत, रबराचं लाकूड झालं आहे. मीच बदलायला हवे होते. महिनाभरात बदलून घे, ओल्यात सांभाळून चालव. बाकी काही नाही.

दादा

२ डिसेंबर

दादा,

वहिनीला फोनवर सांगितलं तेवढं तुला कळलं असेल. उरलेलं लिहिते.

अठ्ठावीसला दुपारी आईला दाताच्या डॉक्टरकडे नेत होते. पाऊस थांबून तासभर झाला होता, रस्ता ओला होता. काटा पंचावन्नवर. तिथे मर्यादा साठची आहे, हे मी शपथेवर सांगते. सांगून काही उपयोग नाही, पण सांगते. पुलाच्या अलीकडे गल्लीतून एक सायकलवाला बाहेर आला, बघितलं न बघितलं आणि आला. मी ब्रेक मारला. मागची चाकं थांबली, गाडी थांबली नाही. भोवरा झाला रे. समोर रस्ता होता, मग घरं आली, मग आम्ही आलो तोच रस्ता, आणि मग आईच्या बाजूने कठडा. सायकलवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सळी घातली आहे.

मला काही झालं नाही. हेच लोकांना खुपतं बहुतेक. दवाखान्यात जो येतो तो आईला फळं देतो आणि मला उपदेश. "इतरांना शिकवतेस ना तू?" असं काकू म्हणाल्या, सगळ्यांदेखत.

वाहन खात्याच्या माणसाने गाडी बघितली. टायर नवे, पॅड नवे, ब्रेकचं तेल पुरेसं. शेरा मारला, "ब्रेक उत्तम." म्हणजे दोष चालवणारीचा. एकोणीस तारखेला चौकशी आहे. तिथे कबुलीवर सही केली की प्रकरण मिटतं, पण शिकवण्याचा परवाना कायमचा जातो. सही नाही केली तर मला सिद्ध करावं लागेल की चूक माझी नव्हती. ते कसं करायचं, ते मला माहीत नाही. मला दुसरं काही येत नाही, दादा. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी काय करू, दुकानात पिशव्या भरू?

तुला एकच विचारते. तुलाही वाटतं का, मी जोरात होते?

बारकी

६ डिसेंबर

प्रिय बारके,

काल दवाखान्यात दीड तास तुझ्याशेजारी बसलो आणि हवापाण्याचं बोललो. मावशीने माझा हात धरून "तू आलास, बरं झालं" म्हटलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. तू ओळखलं असशील. निदान मी गप्प आहे एवढं तरी.

तू जोरात नव्हतीस, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, हे नीट लिहायला हवं. नंतर लिहितो. आत्ता काही प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं दे. नव्या टायरांनंतरही शेपटी झटकत होती का? ब्रेक मारल्यावर पुढची चाकं फिरत राहिली होती का? अपघातानंतर गाडीच्या मागच्या बाजूला, खालून, कुणी हात लावला आहे का?

आणि एकोणीसच्या आधी कशावरही सही करू नकोस.

दादा

९ डिसेंबर

दादा,

हो. हो. आणि नाही, गाडी खात्याच्या आवारात ताडपत्रीखाली आहे, कुणी हात लावलेला नाही.

झाली तुझी प्रश्नपत्रिका? मी विचारलं होतं एक, तू पाठवलेस तीन. तुझं हे नेहमीचंच. लहानपणी मी झाडावरून पडले तेव्हा तू आधी फांदी किती उंच होती ते मोजलं होतंस. गुडघ्यातून रक्त येत होतं माझ्या!

आई रात्रंदिवस पाठीवर आहे. काल नर्सने उठवून बसवलं तर तोंडातून आवाज काढला नाही, फक्त चादर मुठीत धरली. वर मलाच विचारते, "तू जेवलीस का?" ती मला रागाचा एक शब्दही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी सही करणार आहे. मनाची तयारी केली आहे. क्लासच्या मालकाने परवा सांगितलं की नव्या बाई बघून ठेवल्या आहेत. तुझ्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर सांग. नसेल तर मोजत बस.

बारकी

१३ डिसेंबर

प्रिय बारके,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्यात कारणं फार होती. दुसऱ्यात मी स्वतःला इतकं झोडपलं होतं की वाचणाऱ्याला माझीच दया यावी, म्हणून तेही फाडलं. आता फक्त जे झालं ते.

टोळाच्या मागच्या एक्सलला एक छोटा दांडा जोडलेला असतो. त्याचं दुसरं टोक एका झडपेला. गाडीत माणसं बसली, सामान भरलं, की मागची बाजू दबते आणि दांडा हलतो. त्यावरून झडपेला कळतं की मागे ओझं आहे, तेव्हा मागच्या ब्रेकला जोर जास्त द्यायला हवा. मागची बाजू हलकी असेल तर जोर कमी. नाहीतर हलकी चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते.

मी स्प्रिंगा आखूड केल्या, गाडी खाली बसली. त्या दिवसापासून त्या झडपेच्या लेखी टोळात मागे कायम तीन माणसं बसलेली आहेत. म्हणून स्प्रिंगा बदलल्या की दांडा नव्याने जुळवायचा असतो. अर्ध्या तासाचं काम. मला ते माहीत होतं. माझ्या कच्च्या वहीत स्प्रिंगांच्या नोंदीखाली माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: "दांडा — नंतर." सोबत त्या पानाची छायाप्रत आहे. तेलाच्या बोटाचा ठसा माझाच.

नंतर झालं नाही. आणि तुला यादी पाठवताना मी पक्क्या वहीतून उतरवली. पक्क्या वहीत ही ओळ नव्हतीच, कारण काम अर्धवट होतं आणि अर्धवट काम मी तिथे चढवत नाही. माझा नियम. पोरांना वीस वर्षं शिकवलेला. तुला सगळ्यात आधी जे सांगायला हवं होतं, नेमकं तेच त्या नियमाने गाळलं.

विसरलो होतो का? हे मी स्वतःला रोज विचारतो. तू सप्टेंबरात शेपटीचं लिहिलंस तेव्हा मी टायर म्हणालो. टायर म्हणताना माझ्या मनात क्षणभर दुसरं काहीतरी येऊन गेलं होतं. काय, ते मी बघितलं नाही. उठून कपाटातून वही काढायला दोन मिनिटं लागली असती. मी विसरलो नव्हतो, बारके. मला आठवायचं नव्हतं. मी ज्याच्यावर सहा वर्षं खपलो त्यात खोट निघू नये, एवढंच मला हवं होतं. सहा तारखेला तुला प्रश्न विचारले तेव्हाही मला सगळं कळलेलं होतं. ते तीन प्रश्न म्हणजे आणखी आठवडाभर गप्प राहायची सोय होती.

या पत्राची सही केलेली प्रत चौकशी अधिकाऱ्यांना रजिस्टर टपालाने आजच पाठवली आहे. तुझ्याकडे लपवायची सोय राहू नये म्हणून, आणि माझ्याकडे माघार घ्यायची. त्यांना म्हणावं, दांड्याची लांबी मोजा.

मावशीला तू सांग किंवा मी येऊन सांगतो. मी सांगितलेलं बरं.

दादा

१५ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. शेजारच्या बाई विचारत होत्या, "वाईट बातमी का हो?" मी म्हटलं, नाही, चांगली आहे. आणि रडले. त्या घाबरून पाणी आणायला गेल्या.

आता माझं ऐक. तू कच्ची वही उघडलीस, मलाही उघडावीच लागणार.

ऑक्टोबरात टायर बदलायला गेले तेव्हा मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. म्हणाला, "बाई, हा दांडा जुळवलेला नाही. मागची चाकं आधी धरतात. अर्ध्या तासाचं काम आहे, आत्ताच करून देऊ?"

मी म्हटलं, राहू द्या.

तो म्हणाला, "पावसात फिरेल हं." मी हसले. म्हटलं, मला फिरवता येतो.

दोन-तीनदा मी बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर, पावसात, एकटी गेले होते. ब्रेक मारायचा, शेपटी सुटू द्यायची, मग स्टिअरिंग उलटं देऊन सावरायची. दिवसभर मी दुसऱ्यांच्या पायाची भीती बाळगते. टोळात मला माझी स्वतःची जराशी भीती वाटायची. तीच हवी होती मला. जुळवून घेतला असता तर तो शहाणा झाला असता.

मैदानात कठडा नव्हता. शेजारी आई नव्हती.

मिस्त्रीला हे आठवत असेल की नाही, माहीत नाही. त्याच्याकडे कुणी जाणारही नाही. तुझ्या पत्रावर मी सुटू शकते. अक्षरशः सुटू शकते, दादा. परवाना राहील, काकूंचं तोंड बंद होईल, सगळे म्हणतील बिचारीला बिघडलेली गाडी गळ्यात बांधली.

तू नेहमी बरोबर काय ते सांगतोस. सांग आता.

बारकी

१७ डिसेंबर

बारके,

टपालाला वेळ नाही म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. तो ओळखीचा आहे, हातात देईल.

रात्रभर विचार केला. मी लिहिलेलं सगळं खरं आहे. दांडा मी जुळवला नाही, तुला सांगितलं नाही. गाडी फिरायला तेवढं पुरेसं होतं. तुझं पत्र मी कपाटात ठेवलेलं नाही, चुलीत घातलं.

विचारतील तेवढंच सांग. विचारलं नाही तर बोलू नकोस.

हे मी लिहितो आहे, यावर माझाच विश्वास बसत नाही. पण मावशीला मुलगा नाही, सून नाही, घर तुझ्या शिकवण्यावर चालतं. माझी चूक आधीची आणि मोठी. ती मला एकट्याला घेऊ दे.

दादा

२१ डिसेंबर

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब फार घाईत होते, चप्पल उलटी घातली होती." ही चिठ्ठी मी जाळली नाही. तुझ्या हातून असं काही पुन्हा लिहून होणार नाही.

चौकशी लहानशा खोलीत झाली. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अधिकारी बाई साठीच्या असतील. त्यांनी तुझं पत्र आधीच वाचलं होतं, समोर पुन्हा वाचलं, चष्मा काढून तिसऱ्यांदा. मग त्यांनी "ब्रेक उत्तम" लिहिणाऱ्या त्या माणसाला बोलावलं आणि पट्टी घेऊन आवारात पाठवलं. तो वीस मिनिटांनी परत आला. गुडघ्यांना चिखल. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पत्रात लिहिलंय तसंच आहे, मॅडम. बघायला हवं होतं मी."

बाईंनी कबुलीचा कागद फाडला. दुसरा काढला. म्हणाल्या, "वाहनात आधीच्या मालकाकडून राहिलेला दोष. तुमची चूक उरतच नाही. इथे सही करा आणि आईकडे जा. फार सोसलंत."

दादा, त्यांनी विचारलंच नाही. तू म्हणालास विचारतील तेवढंच, आणि त्यांनी काहीच विचारलं नाही. पेन माझ्या हातात होतं. सहीचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा.

मग मला सोमवारची सकाळ दिसली. तो बावन्न वर्षांचा काका चाकामागे बसलेला, मी शेजारी, आणि मी त्याला सांगते आहे की गाडीत काही खटकलं तर थांबायचं, आधी दाखवून घ्यायचं. हे मी रोज सांगते. चौदा वर्षं सांगते. ते वाक्य माझ्या तोंडातून पुन्हा कसं निघणार होतं, ते मला कळेना.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मला माहीत होतं. ऑक्टोबरात मिस्त्रीने सांगितलं होतं. मी नको म्हटलं."

 बाई चिडल्या असं नाही, थकल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, "आत्ता हे कशाला सांगितलंत हो?"  त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि तिसरा काढला.

वर्षभर शिकवायचं नाही. वर्षाने पुन्हा परीक्षा, पहिल्यापासून, लेखीसकट. कायमचा गेला नाही, एवढं त्यांनी त्यांच्या अधिकारात केलं. तुलाही समन्स येईल, दंड होईल. क्लासच्या मालकाला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "जागा ठेवू शकत नाही, सोमवारी नव्या बाई येतात." मी चाव्या टेबलावर ठेवून आले.

आईला घरी आणलं आहे. तिला सगळं मीच सांगितलं, तुझंही आणि माझंही, त्याच क्रमाने. ती भिंतीकडे तोंड करून पडली.  सकाळी चहा दिला तर घेतला नाही. दुपारी हाक मारली.

"वर्षभर कुणाला शिकवायचं नाही म्हणालीस ना?"

"नाही."

"मग मला चालायला शिकव. त्या व्यायामवाल्या बाई फार गोड बोलतात. मला राग काढायला कुणीतरी हवं."

आज वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत गेलो. सात पावलं. पाचव्याला ती थांबली, घामाघूम झाली, आणि मग बोलली. जे बोलायचं होतं ते सगळं, तीन आठवड्यांचं, एका श्वासात. मला, तुला, त्या गाडीला. ऐकताना मी तिच्या कमरेला हात लावून उभी होते. संपल्यावर म्हणाली, "झालं. आता हात काढ. पडले तर मी पडेन."

मी हात काढला. उरलेली दोन पावलं तिने टाकली.

बारकी